पिकअप एकटा येत नाही

माझ्या टेबलावर येणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारीबरोबर पुष्कळदा एक लहान खोकंही येतं. त्यात नवा पिकअप असतो. मालकाने तो आवडत्या वादकाकडे पाहून ठरवलेला असतो, त्यासाठी बरेच महिने पैसे बाजूला टाकलेले असतात आणि जुना काढून नवा जोडून द्यावा, एवढीच त्याची माझ्याकडून अपेक्षा असते. मी ते खोकं बंदच ठेवतो आणि गिटार ॲम्पला न जोडता वाजवायला घेतो. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट. कुठला स्वर लवकर विझतो, कुठली तार नटच्या खाचेत अडकते, ब्रिजवरचं कुठलं सॅडल किणकिणतं, नेक किती वाकली आहे, हे सगळं त्या कोरड्या आवाजात ऐकू येतं. मग मी विचारतो, या गिटारीत तुम्हाला खुपतंय काय?

उत्तर लगेच येत नाही. काय हवंय ते प्रत्येकाला ठाऊक असतं; काय खुपतंय ते सांगायला वेळ लागतो. तो वेळ मी मुद्दाम देतो. माझी निवड तिथून सुरू होते. कॅटलॉगमध्ये ‘उबदार’, ‘आक्रमक’, ‘काचेसारखा स्वच्छ’ असं काहीबाही छापलेलं असतं, पण ती विशेषणं कुठल्या गिटारीवर, कुठल्या केबलने, कुठल्या ॲम्पमधून ऐकून लिहिली हे त्यात कधीच नसतं.

पिकअप आवाज निर्माण करत नाही. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढीच त्याची सामग्री. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःही थोडी चुंबकीय होते. ती हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच. जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये त्याची गिटार केली आणि बीचमला 1937 मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्यांचं ते पहिलं वाद्य म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ॲल्युमिनियमची हवाईयन गिटार. आपल्याकडच्या माझ्या आधीच्या पिढीच्या कानांवर इलेक्ट्रिक गिटार पडली तीही बरीचशी याच रूपात, सुनील गांगुलींनी हवाईयन गिटारीवर वाजवलेल्या फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्डांतून. घरोघरी, लग्नाच्या मांडवात त्या वाजायच्या.

पिकअप तारेला एकाच जागी ऐकतो. ब्रिजजवळ तार कमी झुलते, तिथे आवाज बारीक, टोकदार येतो. नेककडे तार मोकळी झुलते, तिथे गोल आणि भरलेला. 1954 पासूनच्या स्ट्रॅटोकास्टरवर एकाच जातीचे तीन पिकअप आहेत आणि तिन्हींचा आवाज वेगळा आहे, कारण जागा वेगळ्या आहेत. म्हणूनच मी नवीन पिकअप सुचवण्याआधी स्क्रूड्रायव्हर घेऊन आहे त्याची उंची बदलून पाहतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली साधारण 2.4 मिलिमीटर आणि बारीक तारेखाली 2 मिलिमीटर, हे स्ट्रॅटसाठी सुरुवातीचं माप. त्याहून फार जवळ आणलं तर चुंबक तारेलाच ओढू लागतो, वरच्या फ्रेटवर जाड तार बेसूर, गुरगुरल्यासारखी वाजते आणि स्वर लवकर मरतो. अशी गिटार घेऊन ‘पिकअप खराब आहे’ म्हणत आलेले लोक दोन स्क्रू फिरवून झाल्यावर समाधानाने परत गेले आहेत. मला अशा कामाचे पैसे घ्यावेसे वाटत नाहीत, पण आनंद मोठा होतो.

आता खरा गुंता. कॉइलला इंडक्टन्स असतो आणि केबलला कपॅसिटन्स. दोन्ही एकत्र आले की एका ठरावीक कंप्रतेपाशी आवाज उंचावतो आणि तिच्यावरचं सगळं झपाट्याने उतरत जातं. ती उंची कुठे आहे, यावर पिकअपचा स्वभाव बराचसा ठरतो. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स साधारण 2.4 हेन्री धरा आणि केबल 500 पिकोफॅरडची, म्हणजे पाचएक मीटरची. हिशेब केला तर ते शिखर 4.6 किलोहर्ट्झच्या आसपास येतं. तोच पिकअप, केबल दुप्पट लांब, की शिखर 3.2 किलोहर्ट्झवर उतरतं. दोन कॉइलच्या जुन्या धाटणीच्या हंबकरचा इंडक्टन्स साडेचार हेन्रीच्या घरात. त्याचं शिखर पहिल्या केबलवरही 3.3 च्या आसपास. म्हणजे लांब केबल लावलेला स्ट्रॅट निदान या एका बाबतीत हंबकरच्या शेजारी जाऊन बसतो. ज्याला आपला आवाज अलीकडे ‘मिटल्यासारखा’ वाटतो, त्याला मी आधी केबल घेऊन यायला सांगतो.

त्यात आणखी पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता रोधक. व्हॉल्यूमचा पॉट पिकअपला समांतर जोडलेला असतो, त्यामुळे तो पूर्ण उघडा असतानाही त्या शिखराला दाबत असतो. सिंगल कॉइलला 250 किलो-ओहम आणि हंबकरला 500, ही रीत त्यातूनच आली: सिंगल कॉइलची धार थोडी मोडायची, हंबकरची राखायची. पण पॉटवर छापलेला आकडा आणि आतला आकडा यांत 20 टक्क्यांचा फरक चालतो, असं बनवणारेच सांगतात. 500 चा पॉट 400 चा निघू शकतो किंवा 600 चा. मी पुण्यात तापकीर गल्लीतून किंवा मुंबईला गेलो की लॅमिंग्टन रोडवरून पॉट आणतो तेव्हा घरी येऊन एकेक मोजतो आणि पाठीवर खरा आकडा लिहितो. एखाद्याच्या गिटारीचा आवाज किंचित बोथट असेल तर वरच्या बाजूचा, 560 चा वगैरे पॉट त्याच्यासाठी राखून ठेवतो. शंभर-दोनशे रुपयांच्या या भागाने केलेला फरक मी अनेकदा स्पष्ट ऐकला आहे. टोनच्या कपॅसिटरचं मात्र उलट आहे. सिंगल कॉइलला 0.047 मायक्रोफॅरड, हंबकरला 0.022, ही किंमत महत्त्वाची. तो कपॅसिटर तेलात बुडवलेल्या कागदाचा आहे की साध्या प्लास्टिकच्या पापुद्र्याचा, यावर पुष्कळ पैसे खर्च होतात. मापलेली किंमत सारखी असली तर मला फरक ऐकू आलेला नाही आणि मी तो खर्च करू देत नाही.

पिकअपच्या खोक्यावर एक आकडा ठळक असतो, डीसी रेझिस्टन्स. लोक त्यावरून ताकद ठरवतात. 16 किलो-ओहमचा पिकअप 8 च्या दुप्पट जोरदार, असा समज. पण तो रोध तारेची लांबी आणि जाडी सांगतो, बाकी काही नाही. 42 गेजची तांब्याची तार 0.06 मिलिमीटरची, केसाइतकी बारीक. 43 गेज तिच्याहून बारीक. तेवढेच वेढे बारीक तारेने घातले की रोध वाढतो, जोर वाढतोच असं नाही. चुंबक कुठला, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळलेलं लोखंड. त्यातला 2 नंबर मवाळ, 5 नंबर जोरकस. सिरॅमिक आणखी घट्ट पकडीचा. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण 0.39 टक्के. 20 अंशांना 7.6 किलो-ओहम दाखवणारा पिकअप 35 अंशांना 8 च्या वर जातो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी आणि मेच्या दुपारी एकाच पिकअपचे असे दोन आकडे मी मोजले आहेत. दोन गिटारवाले ‘माझा 7.9, तुझा 7.6’ असं बोलू लागले की मी मोजल्याचा महिना विचारतो.

हे सगळं ज्या एका कामात एकत्र आलं, ते काम अण्णांच्या गिटारीचं. अण्णा कराडकडचे, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. गणपती, नवरात्र, गावोगावच्या यात्रा. एका रात्रीत लताबाईंचं हळुवार गाणं, लगेच पंचमदांचं एखादं धडाडतं, मध्येच लावणी, शेवटी झिंगाट नाचाची गाणी. ‘दम मारो दम’च्या सुरुवातीला 1971 मध्ये भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली गिटार लोकांना तशीच्या तशी हवी असते, पहिल्या दोन स्वरांत ती ओळखू आली नाही तर मांडव शांत बसतो. अण्णांची गिटार स्ट्रॅट धाटणीची, तीन सिंगल कॉइलची. त्यांना ब्रिजला मोठा हंबकर बसवून हवा होता. का, तर स्टेजवर गिटार घुमते.

घुमणं दोन तऱ्हेचं असतं आणि दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. एक खोल ‘घूं’. आपल्या विजेची कंप्रता 50 हर्ट्झ, तिची आणि 100 हर्ट्झची ती घूं. ट्रान्सफॉर्मर, जनरेटरच्या वायरी यांच्या चुंबकीय क्षेत्रातून ती थेट कॉइलमध्ये शिरते. सिंगल कॉइल तारेला ऐकते तशी हिलाही ऐकते. गिटार हातात घेऊन जागीच वळलं की ती कमी-जास्त होते, यावरून ती ओळखावी. दुसरी ‘किर्र’, दिवे मंद-प्रखर करणाऱ्या डिमरची, बारीक आणि करकरीत. तारांना हात लावला की बहुधा ती घटते. मी गिटारीच्या आतल्या पोकळीला तांब्याचा पत्रा चिकटवतो आणि तो अर्थला जोडतो, त्याने किर्र पुष्कळ आटोक्यात येते. घूंला तो पत्रा काही करत नाही. पत्रा लावून सगळा त्रास जाईल असं सांगून पैसे घेतले जातात, ते मला अजिबात पटत नाही.

घूंवर खरा उपाय दोन कॉइलचा. एकीचे वेढे एका दिशेने, दुसरीचे उलट. एकीचा चुंबक वर उत्तर, दुसरीचा वर दक्षिण. तारेचा संकेत दोन्हींत जुळून वाढतो आणि बाहेरून आलेली घूं एकमेकींत खोडली जाते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1957 पासून ती गिटारींवर आली. त्याच सुमाराला रे बट्स हेही ग्रेचसाठी तशाच रचनेपर्यंत पोचले होते. सुरुवातीची काही वर्षं गिब्सनच्या पिकअपखाली ‘पेटंट अप्लाईड फॉर’ अशी चिठ्ठी असायची. आज ‘पीएएफ’ म्हणून ज्यांचं नाव घेतात ते हेच.

अण्णांना मी विचारलं, “काय गेलं तर चालणार नाही?”

ते लगेच म्हणाले, “दादा, ते दोन पिकअपच्या मधलं जे वाजतंय ना, चमचमतं, तेवढं सांभाळा. ते गेलं तर ही गिटार मला नको.”

ते ‘मधलं’ म्हणजे पाच जागांच्या स्विचवरची दुसरी आणि चौथी जागा. मूळ स्ट्रॅटला तीन जागांचाच स्विच होता. वादक तो मध्येच अडकवून ठेवायचे आणि तो आवाज काढायचे. 1977 मध्ये फेंडरने पाच जागांचा स्विच दिला तेव्हा वादकांनी शोधलेली ती जागा अधिकृत झाली. मोठा, जोरदार हंबकर बसवला तर दुसऱ्या जागेवरचं ते चमचमणं गुदमरतं. शिवाय त्यासाठी बॉडीत खोदकाम करावं लागतं आणि लाकूड एकदा काढलं की परत लावता येत नाही.

मी सिंगल कॉइलच्याच आकाराचा, दोन पात्यांचा हंबकर निवडला. त्याच खळग्यात बसतो. गोल पोलपीसऐवजी सलग पातं असल्यामुळे तारांमधल्या अंतराचा प्रश्न येत नाही आणि तार ओढून मींड घेताना आवाज कुठे पडत नाही. याच आकारात फार तापट पिकअपही मिळतात. ते घेतले नाहीत, कारण नेकचा साधा पिकअप आणि ब्रिजचा तापट यांच्यात स्विच फिरवला की आवाज दचकतो, आणि गाण्याच्या मध्यावर मिक्सरवाल्याला ते सावरता येत नाही. मध्यम ताकदीचा, अल्निकोचा घेतला. बाकीचे दोन पिकअप तसेच ठेवले, ते चांगले होते.

प्रश्न पॉटचा उरला. हंबकरला 500 हवा, बाकी दोघांना 250. व्हॉल्यूमचा पॉट मात्र एकच. चार पोलचा पाच जागांचा स्विच घेतला आणि हंबकर एकटा वाजत असेल ती जागा सोडून बाकी सगळ्या जागांवर 470 किलो-ओहमचा एक रोधक पॉटला समांतर येईल अशी जोडणी केली. 500 आणि 470 समांतर म्हणजे 242. सिंगल कॉइलला आपलं घर मिळालं, हंबकरला आपलं. रोधकाची किंमत काही पैशांत. या एका जोडणीवर माझा फार जीव आहे.

दुसऱ्या जागेवर हंबकरची एकच कॉइल मधल्या पिकअपबरोबर वाजते. कुठली कॉइल ठेवायची? मधल्या पिकअपच्या उलट चुंबकाची, नाहीतर घूं परत येते. ते होकायंत्राने पाहिलं. विजेची दिशा जुळते का ते पाहायला माझ्याकडे जुना काट्याचा मीटर आहे: पिकअपवर लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि झटकन उचलायचा; काटा कुठल्या बाजूला उडतो ते प्रत्येक पिकअपचं टिपून ठेवायचं. डिजिटल मीटरमध्ये हे इतकं सहज दिसत नाही, म्हणून तो काट्याचा मी जपतो. कंपन्यांच्या कागदांवरचे वायरींचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत, हेही सांगायला हवं. सीमोर डंकनच्या पिकअपची गरम तार काळी, डिमार्झिओची लाल. डिमार्झिओची काळी तार मधल्या जोडाची असते. एका कंपनीचा नकाशा समोर ठेवून दुसरीचा पिकअप जोडला तर आवाज येतो, पण पोकळ आणि नाकातून आल्यासारखा, आणि माणूस पिकअपलाच दोष देतो.

हंबकरची एकटी कॉइल बारीक वाजते, म्हणून ब्रिजचा पिकअप थोडा वर उचलला आणि मधला खाली. हे कानानेच करायचं. अण्णा टेबलासमोर उभे राहून वाजवत होते, मी पाव पाव आटा फिरवत होतो. एका ठिकाणी त्यांनी मान हलवली, तिथे थांबलो. घूं पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर गेली. तिसऱ्या-पाचव्यावर राहिली, तिथे एकच कॉइल आहे, ती राहणारच, हे त्यांना काम सुरू करण्याआधीच सांगितलं होतं. नेकचा तो गोल आवाज त्यांना सौम्य गाण्यांना लागतो आणि त्या गाण्यांत ते गेन वाढवत नाहीत, म्हणून त्यांनी ते स्वीकारलं.

अण्णांना आणखी एक सांगितलं आणि ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येकाला मी ते सांगतो. मांडवातल्या बोर्डाला अर्थ आहे की नाही, हे वाजवण्याआधी तपासून घ्या. गिटारीच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थ नसेल किंवा फेज उलटी असेल आणि गिटार हातात असताना ओठ माइकला लागला, तर शॉक बसतो. तारांना हात लावून किर्र थांबते याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नाही. पावसाळ्यात ओल्या स्टेजवर अनवाणी उभं राहून वाजवणारी मुलं मी पाहिली आहेत. पिकअप कुठला लावायचा याआधी हे बोलणं व्हायला हवं.

इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलीचं काम याच्या अगदी उलट टोकाचं. ती मेटल वाजवते. तिला ॲक्टिव्ह पिकअप हवे होते, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे, कारण तिच्या आवडत्या गिटारवादकाकडे ते आहेत. “काका, माझा रिफ चिखलासारखा वाजतो,” म्हणाली. गिटार घेतली तर जाड तार ई वरून सी पर्यंत उतरवलेली आणि तारांचा संच 09 ते 42 चा. दोन पूर्ण स्वर खाली गेलं की त्याच तारेवरचा ताण सुमारे 37 टक्क्यांनी घटतो. एवढी सैल तार जोरात छेडली की सुरुवातीला चढी वाजते, मग खाली येते, फ्रेटवर आपटते. त्या गोंधळाला कुठलाही पिकअप सरळ करू शकत नाही. जितका जोरदार घ्याल तितका गोंधळ मोठा ऐकू येईल.

तिला जाड तारांचा संच लावून दिला. त्यासाठी नटच्या खाचा रुंद कराव्या लागल्या, नेकचा रॉड जुळवावा लागला, इंटोनेशन नव्याने लावावं लागलं. नट हाडाचा नवीन घातला. नटचं काम मी मिरजेत पाहिलेल्या कामाच्या आठवणीने करतो. सतारमेकर गल्लीत कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना पाहत मी तासन्‌तास बसलो आहे: घोडीचा माथा कणाकणाने घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं. त्यांना तार माथ्याला निसटती स्पर्शत राहायला हवी असते आणि त्या स्पर्शातून झंकार हवा असतो. मला नटच्या पुढच्या कडेवर तार एकाच रेषेवर टेकायला हवी असते, झंकार नको असतो. पण कानशीवरचा दाब आणि दर वेळी थांबून ऐकणं हे मी तिथूनच घेतलं.

तारा बदलल्यावर ती तशीच, जुन्या पिकअपवर, काही आठवडे वाजवत राहिली. परत आली तेव्हा तिची तक्रार नेमकी झाली होती: “आता स्वर कळतात, पण उजव्या हाताचा ठोका मऊ लागतो.” हे ऐकल्यावर निवड सोपी झाली. ब्रिजला सिरॅमिक चुंबकाचा हंबकर घातला. ॲक्टिव्ह पिकअपची बाजू मला मान्य आहे. त्यांच्यातला प्रवर्धक संकेताला आतच सावरतो, मग केबल कितीही लांब असो, धार जात नाही, आणि त्यांना पॉटही 25 किलो-ओहमचे लागतात, म्हणजे सगळी वायरिंग नवीन. तिची केबल तीन मीटरची, खोलीतली. तो खर्च तिच्या तक्रारीला धरून नव्हता.

हंबकर मागवताना एक माप मी घ्यायला लावतो, ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर. गिब्सन पद्धतीत ते कमी असतं, फेंडर पद्धतीत जास्त, आणि हंबकर दोन्ही मापांत मिळतात. ट्रेमोलो ब्रिज बदलायचा तर स्क्रूंमधलं अंतर आणि बॉडीची जाडी. जुन्या अमेरिकन मापाचा पोलादी ठोकळा आपल्याकडे मिळणाऱ्या पातळ बॉडीच्या गिटारीतून मागे बाहेर येतो. पॉट घेताना दांड्याचे दाते, नाहीतर नॉब बसत नाही. ट्यूनिंगच्या खुंट्या मी सर्वांत शेवटी बदलतो. गिटार सुरातून उतरते ती बहुतेक वेळा नटच्या अडलेल्या खाचेमुळे, आणि तिथे पेन्सिलचं शिसं चोळून आधी खात्री करता येते.

कोकणातून आलेल्या गिटारींचं वेगळं. जून ते सप्टेंबरमध्ये तिथल्या दमट हवेत नेक फुगते, स्क्रू गंजतात, जॅकच्या आत हिरवट थर धरतो. रत्नागिरीकडच्या माणसाला मी स्टेनलेसचे स्क्रू आणि बंद डब्याचे पॉट सुचवतो, आवाजासाठी नाही, टिकावं म्हणून. बोटाखालची पट्टी मात्र बहुधा शिसवीची असते आणि ती आपल्याच हवेतून आलेली: जगभरच्या गिटारींच्या पट्ट्यांना भारतीय शिसवी पुष्कळ लागते. परदेशातून आलेल्या गिटारीवर ती ओळखीची जांभळट रेघ दिसली की मला बरं वाटतं. तिला तेलाचा एक हात फिरवतो.

हाताने घडवलेल्या गिटारींत माझी सर्वांत आवडती क्वीनच्या ब्रायन मे यांची ‘रेड स्पेशल’. त्याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याने पहिला बँड केला, म्हणून पोरं ही गोष्ट कान देऊन ऐकतात. मे यांनी 1963 मध्ये, शाळकरी वयात, इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या वडिलांबरोबर ती करायला घेतली. नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची. पिकअपही त्यांनी आधी स्वतः बनवले होते, पण तार ओढताना त्यांतून नको तो आवाज येई. मग बर्न्सचे तयार ट्राय-सॉनिक घेतले, आणि ते शिट्टी मारू नयेत म्हणून एपॉक्सीत घट्ट केले. तिन्ही एकमेकांशी सिरीजमध्ये जोडले, प्रत्येकाला चालू-बंदचा एक आणि फेजचा एक असे स्विच दिले. लोक तेच पिकअप मागवतात, नेहमीच्या समांतर जोडणीत लावतात आणि तो आवाज का येत नाही म्हणून विचारतात. मी त्यांना कागदावर जोडणी काढून दाखवतो. बरेच जण तिथेच बसून मग स्वतः सोल्डरिंग शिकतात. तापलेल्या टोकाखाली डाग चकाकत पसरला की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला फार आवडतं.

काम झालं की जुने पिकअप मालकाला परत देतो. त्यांच्या वायरी मी मुळापाशी कापत नाही, डाग वितळवून पूर्ण लांबीच्या सोडवतो, म्हणजे उद्या ते परत लावावेसे वाटले तर लावता येतात. मागच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवतो: पॉटचे मोजलेले आकडे, कपॅसिटर, कुठल्या जागेवर कुठली कॉइल, पिकअपची उंची, मोजलं तेव्हाचं तापमान. उद्या ही गिटार दुसऱ्या कुणा कारागिराने उघडली तर त्याला पहिल्यापासून शोधत बसावं लागू नये.

मेटल वाजवणाऱ्या त्या मुलीला आता नेकचा पिकअप बदलायचा आहे. सोलो ‘बुडतो’ म्हणते. कुठल्या फ्रेटपासून बुडतो आणि बाकीचे वाजत असताना बुडतो की एकटी वाजवतानाही, हे मी तिला विचारलं आहे. येत्या रविवारच्या तालमीचं रेकॉर्डिंग ती घेऊन येणार आहे, आणि बरोबर बँडमधली लांब केबलही.